भिंतीत राहिलेले आटे

चाकणच्या कंपनीत पॉवर प्रेसखाली माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि अंगठा कायमचा ताठ झाला. त्याला आता तीन वर्षं झाली. त्याआधी एकोणीस वर्षं मी मेंटेनन्सला फिटर होतो. नट गंजून बसला, बोल्ट आतच तुटला, की लोक मला शोधत यायचे. आता मला स्टोअरमध्ये बसवलंय. मागेल त्याला वस्तू द्यायची आणि रजिस्टरवर त्याची सही घ्यायची. काम हलकं आहे, असं सगळे म्हणतात.

पिंपळे गुरवमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्यांच्या छताला ओल जात होती. शेवटी सगळं उखडून नवं करायचं ठरलं. फरशीवाला म्हणाला, "सोमवारी येतो, तोवर तिन्ही जुने नळ काढून ठेवा."

बायको म्हणाली, "प्लंबरला सांगूत का?"

"नळ काढायला प्लंबर?" माझा आवाज जरा चढलाच. हे नळ मीच बसवले होते. लातूरकडून इथं येऊन बरीच वर्षं भाड्यानं काढल्यावर हे घर घेतलं, त्याच आठवड्यात. दणकट पितळी नळ, आट्यांवर सुतळी गुंडाळून, वर गळती रोखणारा सफेदा लावून. पुन्हा कधी ठिबकले नाहीत.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. सकाळीच गच्चीवर जाऊन आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला आणि पाना डाव्या हातात धरला. पहिला नळ अर्ध्या तासात सुटला. सुटताना कर्रकन वाजला, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी बायकोला हाक मारून तो दाखवला. ती हसली. भिंतीतल्या भोकाला मी प्लग लावला. जमतंय की अजून, असं मनात आलं.

दुसरा, गिझरखालचा, हलायलाच तयार नव्हता. पाण्यातल्या क्षारानं तो भिंतीशी एकजीव झाला होता. गंज सोडवायचा स्प्रे मारला. हातोडीनं हलके ठोके दिले. उकळतं पाणी ओतून पाहिलं. डाव्या हातात जोर आहे, पण अंदाज नाही. पान्याचं तोंड जागेवर धरून ठेवायला दुसरा हात लागतो, आणि माझा दुसरा हात दर वेळी निसटत होता. एकदा पाना सटकून गुडघ्यावर बसला. आवाज ऐकून बायको आली.

"मी धरू का?"

"नको."

"अहो, नुसतं धरते. फिरवा तुम्हीच."

"नको म्हटलं ना!"

ती गेली नाही, दारातच उभी राहिली. तिच्यासमोर थांबणं मला शक्य नव्हतं. मी पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप चढवला. असं कधी करायचं नाही, हे मीच कित्येक नव्या फिटरना सांगितलं होतं. सगळं अंग टाकून दाबलं. नळ फिरला. क्षणभर वाटलं, सुटला.

तो तुटला होता. नळ खाली पडला, आटे भिंतीत राहिले आणि भोकातून पाणी यायला लागलं. गच्चीवरचा व्हॉल्व्हही जुनाच, एव्हाना पाणी सोडायला लागला होता. मी घाईत उजवा तळवा भोकावर दाबला. जिथं बोटं नव्हती, तिकडून पाणी येतच राहिलं. बायकोनं माझा हात हळूच बाजूला केला आणि तिथं फडकं कोंबलं. मग मला न विचारता तिनं फोन लावला.

प्लंबर माझ्याच वयाचा होता. त्यानं आधी भिंत पाहिली, मग माझा हात, आणि लगेच नजर वळवली. "भाऊ, तुम्ही बसा बाहेर," म्हणाला. मी हॉलमध्ये जाऊन बसलो. छिन्नीचा आवाज ऐकत राहिलो. प्रत्येक ठोका कुठं पडतोय ते मला कळत होतं. तासाभरात त्यानं तुटलेले आटे काढले, आत तडकलेला पाइपचा वाकडा जोड, एल्बो, बदलला आणि तिसरा नळ अख्खा काढून माझ्यासमोर आणून ठेवला.

"जुने नळ असेच दगा देतात राव. माझ्याकडूनही तुटला असता."

तुटला नसता. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना तो माझ्या हत्यारांच्या पेटीतले पाने उचलून बघायला लागला. "माल चांगलाय. आता मिळत नाही असला."

"पेटीच घेऊन जा," मी म्हणालो.

बायको आतून धावत आली. "असं काय करताव? राहू द्या की घरात."

"कुणासाठी?"

प्लंबर दोनदा नको म्हणाला आणि मग घेऊन गेला.

बाथरूम झालं. नवे नळ बायकोनंच निवडले, लांब दांड्याचे, मनगटानं ढकलले तरी उघडणारे. परवा स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लोंबायला लागलं. मी दारात उभा होतो. तिनं सुरीचं टोक स्क्रूच्या खाचेत घातलं आणि माझ्याकडे पाठ करून, कसाबसा तो पिळत राहिली.