एका गाडीच्या दोन काचा

माझा नवरा बाहेर सगळ्यांना हवाहवासा वाटणारा माणूस होता. श्रीपूरला साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायचो. कुणाच्या घरी दुखलं-खुपलं तर मोटरसायकल काढून पहिला धावणारा तोच. त्यामुळे घराचं दार लावल्यावर तो काय करतो हे मी कुणाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं. सुरुवातीला नुसता हात उगारायचा. मग कानाखाली मारायला लागला. मग हाताला जे लागेल ते.

मी जवळच्याच गावात एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायचे. येण्याजाण्याचे हाल होते, म्हणून मोडनिंबच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी गाडी घेतली, पांढरी, लहान. दवाखान्याच्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरकाकांनी मला चालवायला शिकवलं. गाडी माझ्या नावावर आहे याचा नवऱ्याला राग होता, पण चारचौघांत तो म्हणायचा, बायको गाडी चालवते आपली.

त्या गाडीत बसलं की माझं डोकं दुखायचं. रस्त्याकडेचे विजेचे खांब डावीकडून येताना मध्येच वाकायचे, पाण्यात काठी घातल्यावर वाकते तसे, आणि पुन्हा सरळ व्हायचे. पांढरा पट्टाही लाटेसारखा हलायचा. नवऱ्यानं त्याआधी कानशिलावर एवढ्या जोरात मारलं होतं की आठवडाभर कानात शिट्टी वाजत होती. मला वाटलं, त्या मारानं डोळ्याला काहीतरी झालंय. मी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. काचेचा विचार माझ्या मनात आलाच नाही. समोरची काच म्हणजे काच, त्यात काय बरं-वाईट असणार?

एका संध्याकाळी भाजी खारट झाली म्हणून त्यानं कुकरचं झाकण माझ्या डोक्यात घातलं. टाके पडले. टाके घालणारी नर्स माझ्याच दवाखान्यातली. तिनं स्वतःचा फोन माझ्या हातात ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. मी सोलापूरला आईला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई एसटीनं आली. वडील गेल्यापासून ती एकटीच राहायची. अंगानं किरकोळ, आवाज हळू. तिनं माझ्या डोक्याची पट्टी बघितली आणि म्हणाली, "कपडे भर. कागदपत्रं घे. बाकीचं राहू दे." नवरा पहिल्या पाळीला गेला होता. आम्ही दोन बॅगा मागच्या सीटवर टाकल्या आणि निघालो. आई माझ्या शेजारी पुढे बसली.

कुणीतरी त्याला कळवलं असणार. वसाहतीच्या फाटकापाशी तो मोटरसायकल आडवी लावून उभा होता. अंगावर कारखान्याचा खाकी ड्रेस, हातात ट्रॅक्टरची चाकं खोलायची टॉमी. हातभर लांब, जाड लोखंड. मी ब्रेक दाबला.

"खाली उतर," तो म्हणाला. ओरडला नाही. घरातही तो कधी ओरडत नसे.

आईनं खिडकीची काच थोडी खाली केली. तिनं त्याच्याशी कधी अरेतुरे केलं नव्हतं, तेव्हाही केलं नाही. "जावईबापू, बाजूला व्हा," ती म्हणाली. "पोरीला नेते मी."

त्यानं टॉमी दोन्ही हातांत धरली आणि समोरच्या काचेवर घातली.

पहिल्याच घावाला आतल्या बाजूनं काचेच्या चिपा उडाल्या. बाहेरून मारलेला घाव, पण आमच्या तोंडावर काच आली, मूठभर वाळू फेकून मारावी तशी. आईनं "अगं" एवढंच म्हटलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दुसऱ्या घावाला टॉमीचं टोक काच फाडून आत आलं, स्टिअरिंगच्या वर, माझ्या छातीसमोर. त्यानं ती ओढून काढली. तिसरा घाव वरच्या कडेला बसला आणि अख्खी काच वरून सुटली. पाण्यात भिजलेला पुठ्ठा लोंबावा तशी ती दुमडून आमच्या मांडीवर आली. मध्ये आता काहीच नव्हतं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

फाटकाचा वॉचमन, दोन सायकलवाले, भाजी घ्यायला आलेल्या बायका, सगळे बघत होते. कुणी पुढे आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्याच्या हातात लोखंड होतं.

मी पहिला गिअर टाकला आणि गाडी सरळ त्याच्या अंगावर घातली. विचार करून नाही. तो बाजूला उडी मारून पडला, त्याची मोटरसायकल माझ्या बंपरखाली घासत गेली आणि मग सुटली. काच मांडीवर घेऊन, डोळे बारीक करून, वाऱ्यात मी पंढरपूरपर्यंत गाडी चालवली. समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते, त्यांची धूळ आणि पाचटाचा भुगा थेट तोंडावर येत होता. आई माझ्या ओढणीचा बोळा डोळ्यावर दाबून बसली होती. बोळा लाल होत चालला होता. ती एकदाच बोलली. म्हणाली, "हळू चालव, कुणाच्या पोराला लागंल."

आईच्या उजव्या डोळ्यात काच गेली होती. सोलापूरला ऑपरेशन झालं. डोळा राहिला, नजर गेली. माझ्या हनुवटीला आणि हातांना टाके पडले. पोलिसांत तक्रार झाली, त्याला धरलं आणि काही दिवसांत तो जामिनावर सुटला. त्यानं सांगितलं की मीच त्याच्या अंगावर गाडी घातली आणि तो घाबरून टॉमी फिरवत होता. काच एवढ्याशा मारानं निघालीच कशी, त्याच्या बहिणीचा नवरा लोकांना विचारायचा, गाडीच खराब असणार.

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. गाडी खराब होती का? पंचनामा झाल्यावर गाडी परत मिळाली तेव्हा माझ्या मावसभावानं ती होटगी रस्त्यावरच्या एका काचेच्या दुकानात ओढून नेली. मीही गेले. दुकानदार पन्नाशीचे, त्यांच्या घरी पूर्वी माग होते, फोनवर तेलुगूत बोलायचे आणि आमच्याशी सोलापुरी मराठीत. मी त्यांना सरळ विचारलं, ही काच अशी कशी निघाली?

त्यांनी सीटखाली अडकलेला एक तुकडा काढला, कडेनं बघितला आणि म्हणाले की ही कंपनीची काच नव्हेच. कधीतरी मूळ काच फुटली असणार आणि आधीच्या मालकानं स्वस्तातली बसवून घेतली असणार. समोरची काच म्हणजे दोन पातळ काचा आणि मध्ये एक चिकट, पारदर्शक पापुद्रा. चांगल्या काचेत तो पापुद्रा काचेला घट्ट धरून ठेवतो, फुटली तरी तुकडे जागेवर राहतात. हिच्यात पापुद्रा पातळ, कडेनं दुधासारखा पांढरा पडलेला, काच त्याला धरून नव्हतीच. चिकटवायलाही घरात सिंकला लावतात तसला साधा माल लावलेला, खाली चौकटीला गंज चढलेला. मी त्यांना वाकणाऱ्या खांबांचं सांगितलं. "तेच की," ते म्हणाले. "काच सरळ नाय ओतली की असं दिसतं. लई लोकांना डोकं दुखतं, कळत नाय कशानं."

माझे डोळे चांगले होते. एवढे महिने मी त्यांना घाबरत होते.

मग त्यांनी मला नव्या काचा दाखवल्या. एक कंपनीची, एक त्याच्या जवळपास जाणारी, एक स्वस्त. दिसायला तिन्ही सारख्याच, हिरवट झाक असलेल्या. दुकानदारांनी मधलीच घ्या म्हटलं, सगळे तीच घेतात. मी म्हटलं, फोडून दाखवा. ते हसले. मी हसले नाही. माझ्या हनुवटीचे टाके त्यांना दिसत होते. ते उठले आणि मागच्या अंगणात भंगाराच्या ढिगापाशी घेऊन गेले. तिथं गाड्यांतून काढलेल्या तडकलेल्या काचा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांनी एक कंपनीची आणि एक स्वस्तातली वेगळी काढली, दोन टायरांवर आडव्या ठेवल्या आणि हातोडा उचलला. मी म्हटलं, मला द्या.

स्वस्त काचेला मी पहिला घाव घातला आणि खालच्या बाजूनं फरशीवर चिपा सांडल्याचा आवाज आला. दुसऱ्याला हातोडा आरपार. मग कंपनीची. तिला मारलं तेव्हा तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा गोल उठला, पण हातोडा मागे उडाला. मी पुन्हा मारलं. पुन्हा. काच खोलगट झाली, पांढरीफटक झाली, फाटली नाही. मला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं, पण माझा हात थांबेना. मी मारतच राहिले. तोंडातून कसलेतरी आवाज येत होते. त्या काचेखाली मला त्याचं तोंड दिसत होतं, ते मला फोडायचं होतं, आणि काच मला ते करू देत नव्हती. भाऊ पुढे यायला लागला तर दुकानदारांनी त्याला हातानं अडवलं. शेवटी खांदा भरून आला तेव्हा हातोडा आपोआप खाली पडला. टायरवर ती काच चिंध्या झालेल्या गोधडीसारखी पडली होती, पण एका तुकड्यात.

"हीच बसवा," मी म्हटलं.

त्यांनी चौकटीचा गंज घासून काढला, रंगाचा हात दिला, काळा चिकट माल सगळीकडून सारखा भरला आणि काच बसवली. संध्याकाळपर्यंत गाडी हलवू दिली नाही. दारं आपटायची नाहीत, म्हणाले, आतल्या हवेच्या दाबानं ओली काच सरकते.

मला सोलापुरात एका लॅबमध्ये काम मिळालं. घटस्फोटाचा अर्ज केला. काही महिने तो दिसला नाही. मग एका दुपारी मी लॅबच्या गल्लीत गाडीत बसून डबा उघडत होते आणि तो समोर आला. दाढी वाढलेली. या वेळी हातात फरशीचा तुकडा होता. मागं एक टेम्पो उभा होता, त्यामुळे गाडी मागे घेता येईना. मी दारं आतून लावली.

त्यानं फरशी काचेवर आपटली. जाळं उठलं. एक चीपसुद्धा आत आली नाही. तो बॉनेटवर चढला आणि गुडघे टेकून दोन्ही हातांनी आपटत राहिला, तोंडानं एकच विचारत होता, "कुटं जाशील? कुटं जाशील?" काच वाकत होती, करकरत होती, आणि तिथंच होती. मी हॉर्नवर तळहात ठेवून बसले. त्या पांढऱ्या जाळ्याआड तो तुकड्यातुकड्यांत दिसत होता, कुठं दात, कुठं डोळा. मला भीती वाटत होती, पण मी खाली वाकले नाही.

मग तो दमला आणि बॉनेटवरून उतरून माझ्या बाजूला आला. खिडकीची काच वेगळी असते, एकाच जाडीची. कितीही चांगली असली तरी फुटली की तिचा एकदम चुरा होतो. एका घावात खडीसाखरेसारखे दाणे माझ्या डब्यात, केसांत, मांडीवर सांडले. त्याचा हात आत आला आणि त्यानं माझी वेणी धरून डोकं दारावर आपटलं. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा त्याचं मनगट माझ्या तोंडासमोर आलं तेव्हा मी ते दातांत धरलं आणि जीव खाऊन चावले. तोंडात रक्ताची चव आली. तो ओरडला. त्याला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी सोडलं नाही. टेम्पोवाला आणि समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं धावत आली, त्यांनी त्याला मागून धरून ओढलं, तेव्हा माझे दात सुटले.

मग लोकांनी त्याला मारलं. पोलीस येईपर्यंत मारलं. मी गाडीत बसून बघत होते आणि थांबा म्हणाले नाही. कुणी विचारलं तर आजही तसंच सांगते.

या वेळी त्याला जामीन मिळाला नाही. दोन्ही हल्ल्यांच्या खटल्यात आईनं आणि मी साक्ष दिली. त्याच्या वकिलांनी मी चावल्याचा डॉक्टरी दाखला पुढे केला, तर न्यायाधीशबाईंनी विचारलं, त्याचा हात गाडीत कशाला गेला होता? त्याला शिक्षा झाली. घटस्फोटही झाला.

आई आता एका डोळ्यानं सगळं करते. सुरुवातीला चहा कपाबाहेर ओतायची, कारण कप किती लांब आहे ते कळायचं नाही. आता बोटानं कपाची कड धरून ओतते. तिला कुणी विचारलं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं असं सांगते. मला त्याचा राग यायचा. एकदा मी तिला म्हटलं, खरं का सांगत नाहीस? ती म्हणाली, "कोर्टात सांगितलं की. आता चहा पिताना कशाला?"

गेल्या महिन्यात मावशीकडे अक्कलकोटला गेलो. आई मागच्या सीटवर बसली, आता तिथंच बसते. वळसंगच्या पुढे एक माणूस बैल घेऊन रस्ता ओलांडत होता, खांद्यावर काठी होती. त्यानं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी गाडी पार थांबवली, गिअरवर हात ठेवला आणि तो पलीकडच्या शेतात उतरेपर्यंत त्याच्या काठीकडे बघत राहिले. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मग मी निघाले.