लाल दोऱ्याखालची तार

श्रीगजाननाला आणि वाग्देवी शारदेला नमस्कार करून, आज विजयादशमीच्या दुपारी हे लिहावयास बसलो आहे. सकाळी दोन पूजा झाल्या. सरस्वती मी दर वर्षी पाटीवर काढतो, ती यंदा कागदावर काढली. गाडीची पूजाही केली, पण तिच्यावर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. दोन्ही बदलांचे कारण एकच आहे. ते सांगितल्यावाचून आजची पूजा पुरी झाली असे मला वाटत नाही.

माझ्या पत्नीचे माहेरचे नाव लग्नात बदलले. तशी रीत होती. तांदळाच्या ताटात अंगठीने मी नवे नाव लिहिले. ते मीच निवडले होते आणि त्याच्या व्युत्पत्तीचा मला अभिमान होता. तिला विचारावे, हे सुचलेही नाही. पुढे तिचे आईवडील गेले, भाऊ गेला, आणि जुन्या नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती उरली : शहराच्या दुसऱ्या टोकाला, विश्रांतवाडीला राहणारी तिची थोरली बहीण, आमच्या अक्का.

गेल्या चैत्रात अक्कांच्या स्वरयंत्रात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावे लागणार होते, आणि शस्त्रक्रिया शुक्रवारी ठरली. आदल्या रविवारी त्यांच्या मुलाने निरोप दिला, "आई म्हणतेय, आवाज आहे तोवर मावशीला घेऊन या." फोनवर हिला शब्द लागत नाहीत, कानातले यंत्र शिट्टी घालते. समोरच बसावे लागते.

हिने तेव्हाच साडी बदलली. म्हणाली, "मला तिच्याकडून एकदा हाक मारून घ्यायचीय. एवढंच काम आहे."

आमची गाडी अकरा वर्षांची. धायरीहून निघालो आणि स्वारगेटच्या अलीकडे समोर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. गार हवा मंदावली आणि सिग्नलला इंजिन बंद पडले. हिच्या खुब्याचे ऑपरेशन झालेले, वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही. तासभर ती त्या उन्हात गाडीतच बसून राहिली आणि शेवटी बंद गाडी ओढून घेत आम्हाला घरी परतावे लागले.

आमच्या घराजवळ ज्याचे गॅरेज आहे, तो मिस्त्री धायरीचाच, वडिलांच्या शेताच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर त्याने शेड घातली आहे. आठवीत तो माझ्याकडे संस्कृतला होता आणि नापास झाला होता. हे तो गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो. त्याने बॉनेट उघडले, इंजिन कसेबसे सुरू केले आणि बॅटरीला मीटर लावला.

"चौदा व्होल्ट दावतंय, गुरुजी. म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग करतोय. बॅटरीच दमली हाय."

सोमवारी नवी बॅटरी बसली. मंगळवारी पुन्हा निघालो, तर राजाराम पुलाजवळ तोच दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. रविवारची आठवण होऊन मी गाडी वळवली.

"अहो, टॅक्सी बोलवा," ही म्हणाली.

"घरची गाडी असताना भाड्याच्या गाडीतून बहिणीच्या दारात उतरणार? उद्या नीट होईल."

हे माझे वाक्य मी पुढे अनेकदा आठवले आहे.

गॅरेजात पोचेपर्यंत दिवा विझलेला. मीटर पुन्हा चौदा. "डॉक्टरच्या दारात गेलं की पोट दुखायचं थांबतं, तसं हाय हे," मिस्त्री म्हणाला. बुधवारी त्याने अल्टरनेटर उतरवून तपासून आणला. त्यात दोष निघाला नाही.

गुरुवारी सकाळी अक्का विश्रांतवाडीजवळच्याच रुग्णालयात दाखल झाल्या. भेटीची वेळ संध्याकाळी सहापर्यंत होती. मिस्त्री म्हणाला, "उभ्या गाडीत सापडायचं नाही. चालवत बघू." मीटरच्या लांब वायरी बॉनेटखालून काढून खिडकीतून आत घेतल्या आणि तो मीटर मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला. दिवे, पंखा, गार हवा सगळे चालू ठेवले. सपाट रस्त्यावर आकडा चौदाच्या आसपास होता. धायरी फाट्याजवळच्या गतिरोधकावर गाडी आदळली आणि आकडा बारापर्यंत घसरला. लाल दिवा लागला.

"थांबवा. इंजिन बंद करू नका."

त्याने मीटरचे एक टोक इंजिनाला टेकवले, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला. "इथं शून्य पाहिजे, दीड दावतंय. अर्थ मिळंना, गुरुजी."

"कशाचा अर्थ?"

"गाडीचा." तो गंभीर होता. "करंट तयार हुतोय, पर त्याला बॅटरीकडं परत यायची वाट नाही. त्या वाटेच्या वायरीला आम्ही अर्थ म्हणतो."

उभे आयुष्य मी मुलांना अर्थ सांगत आलो. हा मला माहीत नव्हता.

बॅटरीच्या खाली, जिथे ती तार बोल्टने गाडीच्या अंगाला बसवलेली असते, तिथे लाल दोऱ्याचा जाड वेढा होता. दर दसऱ्याला मी बॉनेट उघडीत असे. शक्तीचे स्थान ते, म्हणून कलशातले पाणी तिथे शिंपडायचे, नारळ फोडून त्याचे पाणी वाहायचे, हळदकुंकू लावायचे आणि हाताशी येईल त्या तारेला रक्षासूत्र बांधायचे. अकरा दसऱ्यांचे अकरा दोरे.

मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "हे मी पहिल्याच दिवशी सोडून बघायला पाहिजे हुतं. पर तुमची पूजा, म्हणून हात लावला नाही. बॅटरी बदलली तवाबी तेवढं जपलं."

"काप," मी म्हणालो.

त्याने वेढ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि दोरे कापले. खाली हिरवट पांढरी बुरशी साचलेली. तारेचे निम्मे तंतू गंजाने खाल्ले होते, उरलेले बोल्टाशी सैल टेकलेले. सपाट रस्त्यावर ते टेकून राहत, धक्का बसला की सुटत. सकाळी गाडी सुरू होताना कण्हत असे, तेही आम्ही जुन्या बॅटरीच्या माथी मारले होते.

"इथं पाणी कोण..." त्याने विचारले, आणि माझ्याकडे पाहून तो थांबला.

नवी तार आणायला तो मोटरसायकलवर बुधवार पेठेत गेला. परत येऊन, बोल्टाची जागा घासून त्याने तार बसवली, तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. त्याच गतिरोधकावरून आम्ही चार वेळा गेलो. दिवा लागला नाही. विश्रांतवाडीच्या बाजूला सहापर्यंत पोचणे मात्र शक्य नव्हते.

घरी ही दुपारपासून साडी नेसून बसलेली. मी सगळे सांगितले, दोऱ्यांसकट.

"अकरा वर्षं सांगतेय, गाडीला आंघोळ घालू नका. ती काय शाळिग्राम आहे?" एवढे बोलून ती साडी बदलायला आत गेली.

तीन आठवड्यांनी आम्ही अक्कांकडे गेलो. वाटेत गाडीने काही कुरकुर केली नाही. गळ्याशी पांढरे कापड बांधून अक्का पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर नातवाची पाटी. हिला पाहताच त्यांनी पाटीवर लिहिले आणि ती हिच्यासमोर धरली. हिचे माहेरचे नाव होते.

"लिहू नकोस अक्का, म्हण."

अक्कांचे ओठ हलले. आवाज आला नाही. ही त्यांच्या ओठांकडे पाहत राहिली आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "ओ."

परतताना ती पाटी हिच्या मांडीवर होती. संगमवाडीच्या पुलावर मला राहवले नाही. आयुष्यात प्रथमच मी हिला त्या नावाने हाक मारली.

तिने मांडीवरची पाटी पदराखाली घेतली. मग म्हणाली, "राहू द्या. तुमच्या तोंडून ते माझं वाटत नाही."

आज सकाळी सरस्वती काढण्यासाठी कपाटातून पाटी काढली, ती नेमकी अक्कांची निघाली. खडूची अक्षरे फिकट झाली आहेत, पण वाचता येतात. पुसण्यासाठी मी ओले फडके घेतले होते.

"तिला पाणी लावू नका," दारातून ही म्हणाली.

मी फडके खाली ठेवले. पाटी देव्हाऱ्याशेजारी कोरडीच ठेवली आणि तिला अक्षता वाहिल्या. गाडीलाही अक्षता आणि झेंडूचे एक फूल, एवढेच.

वाचकहो, ती शारदा आपल्या घरावर कृपा करो. आपल्या घरातील प्रत्येकाला त्याच्या आवडीच्या नावाने हाक मारणारे माणूस दीर्घायुषी होवो, आणि जिथे पोचायचे तिथे आपण वेळेवर पोचोत.