मिरची न जळालेली आग

ती आग आजही आठवते, आणि आठवली की बसवत नाही.

नंदुरबारच्या बाजारात दुमजली व्यापारी इमारत होती. खाली शिंपी, घड्याळवाला, बांगडीवाला आणि गाद्या भरणारे एक वयस्कर चाचा. वर एका व्यापाऱ्याचं मिरचीचं गोदाम. इमारतीच्या मालकाला तिथे नवं संकुल बांधायचं होतं. भाडेकरू हलत नव्हते. दिवेलागणीला चाचा लोबानचा धूप घेऊन सगळ्या दुकानांतून फिरायचे, हिंदूंच्याही.

एका संध्याकाळी गोदाम पेटलं. ठाण्याचा अधिकारी म्हणून मी लगेच पोचलो. आग विझताच जिन्याजवळचा पानवाला, माझा नेहमीचा खबऱ्या, कानाशी लागला. "साहेब, चाचा धूप लिसन वर गयथा."

मी चाचांना ताब्यात घेतलं. चौकशीत ते उसळले, "मी कापूसमा बसनारा मानूस, साहेब. आगसंगे खेळसू का?"

उत्तर पटण्यासारखं होतं. पण वरून सारखे फोन येत होते आणि आरोपी हाताशी होता. चाचांना पोलीस कोठडी मिळाली.

आता खरं सांगतो. आमच्याकडे एका घरात फोडणीत मिरची करपली तरी गल्ली खोकते. त्या संध्याकाळी गोदाम जळत असताना मी जिन्यात व्यापाऱ्याशी बोलत उभा होतो आणि मला साधा ठसका लागला नाही. हे मला तिथेच जाणवलं होतं. पंचनाम्यात मात्र मी 'मिरचीची पोती जळून खाक' असंच लिहू दिलं.

कोठडीची मुदत संपत आली तेव्हा झोप उडाली. व्यापाऱ्याला बोलावलं.

"बठ्ठा माल जळी गया, साहेब! एक पोतं नही उरनं!"

"मग आगीशेजारी उभे राहून आपण दोघं न खोकता बोललो कसे?"

त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन सगळं सांगितलं. मालकाच्या सांगण्यावरून दुपारीच पोती हलवली होती. काडी मालकाच्या माणसाने लावली. मालकाला अटक झाली. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

पण चाचांना उचललेलं पाहून बाकीचे भाडेकरू हबकले होते. पुढची पाळी आपली, या भीतीने त्यांनी किल्ल्या देऊन टाकल्या होत्या. आगीने इमारत धोकादायक ठरली आणि पालिकेचा जेसीबी फिरला.

चाचा सुटले, तेव्हा मीच त्यांना जीपमधून बाजारात नेलं. वाटेत काही सांगायचं धाडस झालं नाही. ढिगाऱ्यासमोर गाडी थांबवून म्हणालो, "उतरा, चाचा."

ते बाहेर पाहत राहिले. "कोठे उतरू, साहेब?"

तपासात पुरावा उशिरा सापडतो, असं आम्ही लिहितो. माझा पहिल्या तासातच सापडला होता. मी तो वापरेपर्यंत त्या माणसाला परत जायला दुकान उरलं नव्हतं.