कोळणीचं फडकं

आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं समुद्र बघायला निघाले होते. "मुरुडपर्यंत उभीच जाशील," असं दादानं नांदेडला निघतानाच बजावलं होतं, आणि पनवेलच्या एसटी स्टँडवर गाडी बदलताना त्याचंच खरं होणार असं दिसत होतं. खिडकीतून रुमाल टाकून मी जागा धरली होती. पण चढेपर्यंत तिथं एक गृहस्थ बसले होते. त्यांनी रुमालाची छान घडी करून तो माझ्या हातात दिला. मी मुकाट्यानं खाली उतरले.

फलाटावर एक कोळीण तंबाखू मळत हे बघत होती. कानात जाड सोनं, पायाशी मासळी विकून रिकामी झालेली पाटी. ती उरणच्या गाडीसाठी थांबली होती.

"रुमाल कोनीबी उचलतो गो बाय," ती म्हणाली. "थांब जरा."

मुरुडची दुसरी गाडी वळली तशी ती उठली, पाटीतलं ओलं फडकं घेतलं आणि नेम धरून खिडकीतून आत फेकलं. "आता ह्याला कोन हात लावतो तां बग!"

मी सगळ्यांच्या शेवटी, सावकाश चढले. माणसं एकमेकांना रेटत उभी होती आणि ती खिडकीची जागा रिकामी होती. फडकं उचलून मी ऐटीत बसले. खालून तिचा हात वर आला.

"दे माजा फडका. माजी गाडी आली."

गाडी सुटल्यावर मी दादाला फोन लावला.

"खिडकीत बसलेय," मी म्हटलं, "आणि समुद्राचा वास पनवेलपासूनच सुरू झालाय."