मामाची जीप, ट्रकचे ॲक्सल आणि पालमपुढचा चिखल

माझ्या मुलाला आणि त्याच्या मित्रांना सुट्टीच्या दिवशी जीप घेऊन चिखलात लोळायचा छंद आहे. परवा आमच्या नाशिकच्या अंगणात त्यांची चर्चा रंगली होती. जुन्या जड ट्रकचे ॲक्सल जीपखाली बसवले की गाडी कुठंही जाते म्हणे. मी चहाचे कप ठेवता ठेवता म्हटलं, "कुठंही नाही जात. वीतभर रुंद पडली तर जागेवर उभी राहते." सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू पातेल्यानंच तोंड उघडलं. तर ही पोस्ट त्यांच्यासाठी, आणि परभणीकडं आडवाटेनं फिरायचा बेत असणाऱ्या सगळ्यांसाठी.

गोष्ट मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाच्या वर्षांतली. मी तेव्हा परभणीला कॉलेजात होते, खोली करून राहत होते. आमचं गाव पालमच्या पुढं. वस्तीतल्या बायकांनी माझ्या आईच्या पुढाकारानं विहारासाठी बुद्धमूर्ती करायला दिली होती, परभणीच्याच एका कारागिराकडं. बैठी मूर्ती, सिमेंटची, माझ्या कमरेच्या वर येईल एवढी. दसऱ्याला, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, स्थापना ठरली होती. भंतेजींना निरोप गेला होता, आसपासच्या गावांतून माणसं येणार होती. आणि नेमका परतीचा पाऊस बसला. ठरवलेल्या टेम्पोवाल्यानं पालमपर्यंत येतो, पुढं नाही, असं सांगून हात वर केले.

आईनं गावाकडून निरोप धाडला, "हवालदाराला म्हणावं, तुझ्या त्या राक्षसाचा आता तरी उपयोग दाखव."

हवालदार म्हणजे माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन मानवतला गाड्या दुरुस्तीची शेड टाकून बसला होता. राक्षस म्हणजे त्याची जीप. कुठल्याशा लिलावात त्याला लढाईच्या काळातल्या एका मिलिटरी ट्रकचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल मिळाले होते आणि ते त्यानं एका मोडक्या जीपखाली बसवले होते. आमच्या काळ्या मातीत साध्या जीपचं चाक रुतलं आणि ड्रायव्हरनं जोर केला की आतला दांडा तुटायचा. ट्रकचा दांडा मनगटाएवढा जाड, तो कसला तुटतोय! शिवाय चाकं मोठी, त्यामुळे गाडीचं पोट जमिनीपासून हातभर वर. मामाच्या भाषेत सांगायचं तर, "इंजिन मरंल, पर ॲक्सल न्हाई."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही परभणीहून निघालो. मूर्ती लाकडी चौकटीत बसवली, खाली कडब्याचा जाड थर, चारी बाजूंनी गोधड्या. कारागीर पुनःपुन्हा बजावत होता, "बारका धक्का चालंल, पर कलू देऊ नका. कलली का मानेत चीर पडंल. अन् वाटंत उतरवू बी नका." माझं काम एकच, मागं बसून मूर्ती सांभाळणं. मी गोधडीला मिठी मारून बसले.

आता रस्त्याची माहिती. परभणी ते गंगाखेड डांबरी, खड्डे भरपूर. ट्रकच्या ॲक्सलची एक गोम अशी, की त्याच्या आतल्या गिअरचे दात ओझं ओढायला केलेले असतात, पळायला नाही. इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडतंय आणि गाडी आपली वरातीच्या चालीनं. मागून आलेली एसटी आम्हाला ओलांडून गेली तेव्हा खिडकीतून एकजण ओरडला, "हवालदार, ढकलायला येऊ का?" मामानं शांतपणे हात जोडले. गंगाखेडला स्टँडसमोर थांबून आम्ही गरम भजी आणि गोड चहा घेतला. ज्यांना आज तिकडं जायचंय त्यांनी गोदावरीच्या पुलाशी जरूर थांबावं, पाणी चढलेलं असताना नदी बघत राहावीशी वाटते. खर्चाचं म्हणाल तर आमचा सगळा पेट्रोलात गेला, कारण राक्षसाला तहान फार. चहा-भजी मामानं खिलवली.

पालमला दुपारी पोचलो. पाऊस थांबला होता, ऊनही पडलं होतं. एका दुकानाच्या ओट्यावर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दुकानदार जीपखाली वाकून बघत होता. "लय मजबूत काम केलंय की! जाताल तुमी." मामाची छाती फुगली. मलाही वाटलं, आता काय, पोचल्यात जमा.

पालमच्या पुढं डांबर संपलं, मग खडी संपली आणि गाडीवाट सुरू झाली. दोन्हीकडं बाभळी, मधे काळा चिखल आणि त्यात बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. आमच्याकडच्या सगळ्या गाड्यांचं माप एकच असतं. सुतार कुणीही असो, दोन चाकांतलं अंतर तेच, कारण वाट सगळ्यांची तीच. साधी जीप त्या मापाला अरुंद पडते. मामाची गाडी मात्र ट्रकच्या अंगानं रुंद होती. ॲक्सल कापून लहान करता आला असता, पण फौजेचा माल कापायचा नाही यावर मामा अडून बसला होता. कोरड्या दिवसांत त्यानं काही बिघडलंही नव्हतं.

आता बिघडलं. उजवं चाक चाकोरीत उतरलं आणि डावं चाक पलीकडच्या कडेवर वरच राहिलं. जीप एका अंगाला झुकली. गोधडीतून मूर्तीचा भार माझ्या खांद्यावर आला आणि मी ओरडले, "मामा, थांब!"

मामानं मागं घेतली, पुन्हा घातली, बाजूनं काढून बघितली. बाजूला चिखल गुडघ्याएवढा आणि बाभळी अंगावर. ॲक्सल तुटत नव्हता, चाकं अडत नव्हती, ताकदीला कुठं काही कमी नव्हती. फक्त गाडी सरळ राहत नव्हती. मामा खाली उतरला आणि कपाळावर हात मारून बांधावर बसला. "सारी जिंदगी ताकद मापली," म्हणाला, "अन् रुंदी मापायची ऱ्हायली." मला रडू यायला लागलं. उद्या भंतेजी येतील, माणसं जमतील, आई रिकाम्या ओट्यासमोर उभी राहील, हे सगळं मला तिथंच दिसायला लागलं होतं.

तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला. पालमच्या बाजारातून परतणाऱ्या तीन बैलगाड्या, पोत्यांनी भरलेल्या. पुढच्या गाडीवर गंगाधरराव होते, आमच्याच गावचे मोठे शेतकरी. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून. लहानपणी मी त्यांच्या मळ्यात हक्कानं बोरं वेचायचे आणि त्यांना काका म्हणायचे. पण नामांतरावरून गाव आणि वस्ती दुभंगली तेव्हापासून त्यांचं आणि माझ्या वडिलांचं बोलणं बंद होतं. बांधावर समोरासमोर आले तरी दोघंही माना फिरवायचे. मी डोळे पुसले आणि दुसरीकडं बघत बसले.

गाड्या थांबल्या, कारण वाट आम्हीच अडवली होती. गंगाधरराव उतरून जीपभोवती फिरले. कललेलं चाक बघितलं, गोधड्या बघितल्या. मग मला विचारलं, "आत काय हाय, बाई?"

"बुद्धमूर्ती," मी म्हटलं. आवाज जरा कडकच लागला असावा.

त्यांनी मागच्या पोत्यांकडं नजर टाकली. "माझ्या गाडीत ठिवा की. पोते उतरवून टाकतो हितंच."

मामा उठून उभा राहिला. "तुमी म्हणलात यातच आलं, पर उतरवायची सोय न्हाई. अन् बैलगाडीला धक्के झेलायला कमानपाटे नसत्यात. मान ऱ्हाणार न्हाई."

"मंग वाटच रुंद करू," गंगाधरराव म्हणाले, जणू गोठ्याचं दार सरकवायचंय.

खडी संपते तिथवर सगळेच मागं हटले, मामानं जीप कडेला घेतली, आणि गंगाधररावांनी आपली भरलेली गाडी पुढं काढून बैलांना वीतभर डावीकडं ओढलं. लोखंडी धावेचं चाक डाव्या चाकोरीच्या बाहेरच्या कडेवर चढलं आणि ओझ्यानं ती कड कापत खाली बसलं. ऐकायला सोपं वाटतं, पण जन्मभर त्याच वाटेनं चाललेले बैल चाकोरी सोडायला तयार नसतात. चार पावलं टाकली की मान वळवून पुन्हा जुन्या जागी. गंगाधरराव स्वतः चिखलात उतरले, वेसण हातात धरून बैलांच्या पुढं चालायला लागले. धोतर मांडीपर्यंत काळं झालं. बैलांशी बोलत होते, "चल राजा, आजच्या दिस वाकडं चल." त्यांच्या मागून दुसरी गाडी, मग तिसरी, सगळ्या त्याच कडेवरून. आणि त्यांच्या मागून आमचा राक्षस, दोन्ही चाकं सारख्या खोलीवर, सरळ. मामा पहिल्या गिअरमध्ये, पाय नुसता टेकवून. जड ॲक्सलची खरी किंमत मला तिथं कळली. इंजिनानं एकदाही धापा टाकल्या नाहीत, चाक एकदाही जागच्या जागी गरगरलं नाही, गाडी बैलांच्या पावलानं गावापर्यंत गेली.

दिवस मावळता मावळता वस्तीपाशी पोचलो. आई, वडील आणि सगळ्या बायका वेशीशी उभ्या होत्या. पुढं गंगाधररावांची गाडी बघून वडील चमकले. चिखलात माखलेले गंगाधरराव त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. वडील म्हणाले, "बैल दमले हायेत. पाणी पाजा हितंच." एवढंच. पण वस्तीच्या आडावर गंगाधररावांचे बैल पाणी प्यायले, आणि आईनं त्यांच्या हातात चहाचा कप दिला तो त्यांनी तिथंच उभं राहून संपवला. मी त्या दिवसाचे आभार कसे मानू, हे मला आजही नीट कळत नाही.

दुसऱ्या दिवशी स्थापना झाली. मानेत चीर सोडा, नाकाला ओरखडाही नव्हता. आई मूर्तीकडं बघायचं सोडून सारखी माझ्या खांद्यावरचा काळानिळा डाग चोळत होती. खीर पोटभर मिळाली.

परत निघायच्या सकाळी मामा जीपखाली आडवा झाला होता. तेलखडूनं ॲक्सलवर दोन खुणा करत होता. मानवतला गेल्यावर तिथून कापून गाडी बैलगाडीच्या मापाची करायची, असं त्यानं ठरवलं होतं. फौजेचा माल न कापायची शपथ चिखलातच विरघळली होती. गंगाधरराव शेताकडं निघाले होते, ते वाकून बघायला लागले.

"काय करायलाव, हवालदार?"

"कापतो म्हणलं. तुमच्या वाटंच्या मापाचं करतो."

"कापू नका," ते म्हणाले. "काल पुन्ना दोन खेपा मारल्या म्या त्याच कडंनं. आता वाट तुमच्या मापाची हाय."

परतीच्या वाटेवर जीप एकदाही कलली नाही. गंगाखेडला मामानं पुन्हा भजी घेतली, पण ती त्याच्या हातातच गार झाली. मानवतला शेडमध्ये पोचल्यावर त्यानं गाडी धुतली, चिखल निघाला आणि खालून त्या दोन खुणा जशाच्या तशा दिसायला लागल्या. गॅस कटर कोपऱ्यातच होता. मामानं रॉकेलचा बोळा घेतला आणि दोन्ही खुणा पुसून टाकल्या.