सव्वा मूठ आणि शेवटचा एपिसोड

ती मालिका मी का बघायला लागले ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल. जळगावला एका लॅबमध्ये मला नोकरी लागली तेव्हा भाड्याच्या खोलीत माझ्याबरोबर पिंपळनेरकडची एक नर्स होती. अजून आहे. जेवताना तिच्या मोबाईलवर एक परदेशी मालिका चालू असायची, हिंदीत डब केलेली. पंख, धूर, तलवारी. मी म्हटलं, हा काय पोरखेळ लावलाय? ती म्हणाली, ताई, एक एपिसोड बघा, मग बोला. एक बघितला. मग होते तेवढे दोन्ही सिझन आठवड्यात संपवले, आणि चाळिशीच्या उंबऱ्यावर आलेली मी बाई एका फॅन ग्रुपची मेंबर झाले.

गोष्ट थोडक्यात अशी. एका जुन्या शहराभोवती उंच भिंत आहे. भिंतीवरचे दिवे लावायचं काम एका देवदूताकडे, आणि हा देवदूत म्हणजे बाई आहे. ते दिवे विझवायला पलीकडून एक सैतान येतो. ती लावते, हा विझवतो. शेकडो वर्षं असं चालल्यावर दोघं बोलायला लागतात, आणि मग व्हायचं ते होतं. दुसऱ्या सिझनच्या शेवटी ती त्याच्यासाठी भिंत ओलांडते. पलीकडे उतरून बघते तर हा पठ्ठ्या तिथे नाहीच. ती तशीच मागे फिरते आणि स्वर्गाच्या दाराशी येते. दाराचा नियम असा, की आतून विचारतात, ‘कोणाची?’ आणि आपण ज्या ज्योतीचे आहोत तिचं नाव सांगायचं. हिची ज्योत भिंत ओलांडली तेव्हाच विझलेली. दार विचारतं, ‘कोणाची?’ ती तोंड उघडते, आणि पडदा काळा. सिझन संपला.

त्यानंतर ग्रुपवर लोकांनी जो धुडगूस घातला, काही विचारू नका. पुढच्या सिझनचा टीझर आला तो जेमतेम दीड मिनिटाचा. कोणी तो थांबवून थांबवून बघितला आणि जाहीर केलं की सैतानाच्या गळ्यातला रुमाल लाल होता तो आता राखाडी झालाय, म्हणजे त्याला पश्चात्ताप झालाय. दुसरी म्हणाली, छे, तो धुतला असेल. जामनेरची एक कॉलेजातली पोरगी रोज भलंमोठं भाकीत लिहायची: तो कैदेत आहे, त्याने मुद्दाम दगा दिला नाही, तो परत येणार, ती दारात त्याचंच नाव घेणार आणि दोघं एक होणार. त्यावर बदाम, रडके चेहरे, टाळ्या. पुण्याची एक बाई नेहमी विरुद्ध बाजूने. तिचं म्हणणं, सैतान तो सैतानच, त्याने तिला वापरून घेतलं. मग दोघींची जुंपायची. आमची नर्स जामनेरवालीच्या पार्टीत. ‘ताई, त्याचे डोळे बघा ना, तो खोटं बोलूच शकत नाही.’ मी म्हटलं, बाई, डोळ्यांवर जाऊ नकोस, धरणगावला एकाचे असेच डोळे होते.

मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. तो येईल का, तो खरा का खोटा, त्याने तिला मिठी मारली तर पंख कुठे जातील, यावर शेकडो मेसेज. आणि ती बिचारी दारात उभी आहे त्याचं काय? दार उघडतंय का नाही, याची कोणाला पडलेलीच नाही. शेवटी न राहवून मी एकदाच लिहिलं: ‘दार उघडणार नाही. ती कोणाचंच नाव सांगू शकणार नाही. नियम तो नियम.’ झालं. ‘ताई किती निगेटिव्ह!’ ‘ताईंना कोणीतरी धोका दिलाय वाटतं.’ मी फोन उलटा ठेवला आणि भांडी घासायला घेतली.

दार उघडत नाही हे मला कसं माहीत, ते ग्रुपवर सांगण्यासारखं नव्हतं. इथे सांगते.

माझं माहेर धुळ्याचं, सासर होतं धरणगावला. मारहाण नाही, व्यसन नाही, उगाच कोणाला बदनाम कशाला करा. बोलणं संपलं आणि मी परत आले. फारकत व्हायला वेळ लागला, झाली. आई-नानांनी ठेवून घेतलं, एका शब्दाने टोचलं नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून अक्काचं घर. अक्का म्हणजे नानांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे काका गेल्यापासून सगळ्या भाऊबंदांत तिचा शब्द शेवटचा, आणि आमची कानबाई बसते ती तिच्याच घरी.

खानदेशाबाहेरच्यांना कानबाई सांगावी लागते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. नारळाला नथ, दागिने घालून देवी मांडायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. तिच्या नैवेद्याचे रोट असतात, गव्हाच्या जाडसर पोळ्या. त्याचे गहू मोजायची आमच्याकडची रीत अशी: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. बायका नवऱ्याच्या मुठीतलं खातात, लग्न न झालेल्या मुली बापाच्या. लग्न करून दिलेल्या लेकीला मात्र रोट नाही, ती दुसऱ्या घरची झाली. पाहुण्याला तर नाहीच नाही.

परत आल्यानंतरच्या पहिल्या कानबाईला मी पंगतीत बसले होते. पुरणपोळी आली, खीर आली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आली. मग अक्का रोटांची परात घेऊन आली. आईच्या ताटात वाढला, माझ्यावरून हात पुढे नेला, शेजारच्या चुलत वहिनीच्या ताटात वाढला. हात थांबला नाही, काही नाही. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. आई खाली बघून भात कालवत राहिली. मी पुरणपोळी संपवली, हात धुतले, आणि न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून रडले. एवढ्याशा कोरड्या रोटासाठी रडायचं काय, असं स्वतःला पुष्कळदा विचारलं. पण ज्या बाईने मला अंगाखांद्यावर खेळवलं तिचाच हात माझ्या ताटावरून गेला होता.

त्या रोटाविषयी मग मी कधी बोलले नाही, तीही बोलली नाही. दर शनिवारी मी एसटीने धुळ्याला यायची, आणि रविवारी दुपारी अक्का मेथी निवडायला आमच्या ओट्यावर यायची. मी फोनवर मालिका लावलेली असायची. अक्काला डब केलेली हिंदी अर्धी कळायची, अर्धी मी सांगायची. सैतानाचं तिला काही घेणंदेणं नव्हतं. तो पडद्यावर आला की ती मेथीकडे बघायची. गोष्ट दाराशी आली की मान वर.

‘मंग दार उघडनं का?’ तिने तिच्या अहिराणीत विचारलं.

‘अजून नाही. पुढच्या सिझनला कळेल.’

‘उघडी, उघडी. कितला दिन बाहेर उभी करतीन तिले?’

मी म्हटलं, नाही उघडणार अक्का, तिथला नियमच आहे. कोणाची ते सांगावं लागतं, आणि ही आता कोणाचीच नाही. अक्काने हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, आपलं स्वतःचं नाव सांगावं तिने. मला हसू आलं. एवढा मोठा ग्रुप, एवढ्या थिअऱ्या, रुमालाचे रंग, आणि हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पण म्हटलं, अक्का, असं नसतं ते.

त्यानंतर दर रविवारी तिचा तोच प्रश्न. सिझन आला का? दार उघडनं का? मी आपली म्हणायची, म्हातारीला नाद लागला.

सिझन या वर्षी आषाढाच्या तोंडावर सुरू झाला. आठवड्याला एक एपिसोड, शुक्रवारी. ग्रुपवर कोणाला झोप नाही, कोणाला भूक नाही. जामनेरवालीने तर सोमवार धरले, सैतानासाठी! आणि शेवटचा एपिसोड आला तो कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी. मी आणि नर्स खोलीवर खिचडी खात बघायला बसलो.

शेवटी काय झालं ते सांगून टाकते. दार पुन्हा विचारतं, ‘कोणाची?’ ती डोळे मिटते आणि सैतानाचं नाव घेते. तो बर्फातून चालत येतो, रुमाल राखाडीच. मिठी. पंख बाजूला. दोघं हातात हात घालून डोंगराकडे निघून जातात, आणि मागे दार बंदच. नर्स उशी कवटाळून ओरडली. ग्रुप तर पेटलाच: ‘सांगितलं होतं ना!’ ‘मी तीनदा रडले!’ पुण्याची बाई ग्रुप सोडून गेली. जामनेरवालीने माझ्यासाठी खास लिहिलं, ‘ताई, तुमचं अर्धं बरोबर आलं, दार नाही उघडलं. पण आता दाराची गरज कोणाला आहे?’

मी फोन ठेवून खिचडी संपवली. मला आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही. दार बंद राहणार हे माझं भाकीत होतंच.

शनिवारी धुळ्याला पोचले तर अक्काच्या ओसरीत गव्हाचं पोतं सोडलेलं, सूप मांडलेलं, आई शेजारी बसलेली, नाना खुर्चीवर. पायातल्या चपला काढायच्या आत अक्काने विचारलं, ‘दार उघडनं का?’

सांगितलं सगळं. नाव घेतलं, तो आला, दोघं गेले, दार बंद.

अक्काचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, कोणी गेल्याची बातमी दिली की काय. मग जी भडकली! ‘सोतानं नाव सांगाले तिले काय झायं व्हतं? त्याना काय संबंध?’ नाना म्हणाले, अक्का, सिनेमा आहे तो. अक्का म्हणाली, तुम्ही गप बसा. आणि तिने सूप पुढे ओढलं.

मुठी सुरू झाल्या. नानांचं नाव, सव्वा मूठ. दोन्ही चुलतभावांची नावं. त्यांच्या पोरांची. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. आत जावं का चहा करावा, ठरत नव्हतं. नावं संपली. आई सूप उचलायला वाकली तर अक्काने सुपावर हात ठेवला, पोत्यात मूठ घातली आणि माझं नाव घेतलं.

माझं नाव. खड्या आवाजात, पुरुषांची घेतली तसंच.

बाईच्या नावाने मूठ? नाना खुर्चीत सरळ झाले. ‘अक्का, बाईना नावनी मूठ ऱ्हास का?’

‘मंग हाई कोनी मूठमाईन खाई?’ अक्का त्यांच्याकडे न बघता म्हणाली. ‘हिले नवरा शे का? तुमनी मूठमाईन तर तुम्हीच धाडी दिन्ही व्हती.’

‘पण आजपावत आपलामा...’

‘नही ऱ्हास ते आते ऱ्हाई.’

आजवर नसली तर आतापासून असेल, संपला विषय. अक्काने मूठ सुपात सोडली आणि हात झटकला. तेव्हा आई बोलली. त्या दिवशी पंगतीत बोलली नव्हती, वर्षभर बोलली नव्हती, ती माझी आई. सुपाकडे बघत म्हणाली, ‘अक्का, सव्वा ऱ्हास. पाव मूठ ऱ्हायनी.’

अक्काने तिच्याकडे बघितलं, पोत्यात परत हात घातला आणि पाव मूठ टाकली. जरा जास्तच होती ती. मी आत जाऊन चहा ठेवला. साखर दोनदा घातली, सगळ्यांनी तसाच प्यायला.

रविवारी रोट माझ्या ताटात पडला. सोमवारी कानबाईला पांझरा नदीवर पोचवून मी जळगावची गाडी पकडली. उरलेले रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात, म्हणून अक्काने माझ्या वाटचे एका स्टीलच्या डब्यात बांधून दिले होते.

खोलीवर आले तर नर्स अजून त्या मिठीचेच रील बघत होती. एक मला दाखवलं, मी बघितलं. मग तिने डबा उघडला, वास घेतला. ‘ताई, हे काय आहे? एक तुकडा द्या ना.’

‘नाही देता येत,’ मी म्हटलं.

‘का?’

‘आमच्या घरातल्या माणसांनीच खायचा असतो तो.’

ती फुगून बसली. मी तिला दुसऱ्या डब्यातल्या दोन पुरणपोळ्या दिल्या, तूपही घातलं वर, आणि रोट तिच्यासमोर मांडी घालून एकटीने खाल्ला.