दारोदारची अक्षरं

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. माणसाविषयी कसं लिहावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. तरी सखाराममामांबद्दल लिहायचं धाडस करतोय. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

मामा नगर जिल्ह्यातल्या बेलापूरला आमच्या शेजारी राहत आणि दारावरच्या लाकडी पाट्या कोरत. “अक्षराला बसाया जागा द्यावी, मग ते उठत न्हाई,” म्हणायचे. पुढे त्यांचा हात कापू लागला, कोरायची पटाशी सुटली. त्याच वर्षी त्यांच्या शिक्षिका झालेल्या मुलीनं, छायानं, शेवगावला घर बांधलं. तिच्या दारावर आपल्याच हाताचं अक्षर असावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

संगणकाच्या हुकमानं कोरणारं सीएनसी यंत्र असतं, असं मी बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी मामा स्वतःचा सागवानी पलंग सुटा करत बसले होते. यंत्राचा सांगाडा त्याचा, मोटारी भंगारातल्या प्रिंटरच्या, संगणक कॉलेजनं टाकून दिलेला. मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “मशीन पलंगावर निजतंय, अन् आमचे हे भुईवर.” सुरुवातीला अक्षराच्या वळणावर पायऱ्याच पडत. “अक्षर हाय का घाटाचा रस्ता?” मामा हसले. मी सैल नट आवळत राहिलो.

पण यंत्राला द्यायचं अक्षर कुठून आणायचं? मामा गावभर हिंडले. पूर्वी कोरलेल्या पाट्यांवर कागद धरायचा, पेन्सिल घासायची, ठसा घ्यायचा, मग मी तो संगणकात उतरवायचा. “मामा, आमचं नाव चोरता का?” एकानं विचारलं. “माझंच हाय. उसनं नेतोय.”

पाटीवर ‘छाया सखाराम’ हवं होतं. ‘सखाराम’ जमलं, ‘या’ सापडला. छ मात्र कुठल्याच दारावर नव्हता. संगणकातला घेऊ, असं मी चाचरत सुचवलं. मामांनी मान हलवली. “ते परकं. घरात पाव्हन्यासारखं राहील.”

म्हणून पहिली जागा मोकळी ठेवून यंत्र सुरू केलं. उन्हाळ्याची लांब दुपार. मोटारी गुणगुणत होत्या, सागाचा पिवळा भुसा उन्हात तरंगत होता. मामांचे डोळे मिटलेले. मांडीवरची बोटं अक्षराबरोबर वळत होती. तेवढा वेळ ती कापत नव्हती, असं मला वाटलं. कदाचित भासही असेल.

मग मी नगरला कॉलेजात परतलो. परीक्षा संपल्यावर स्टँडवर गावचा एक जण भेटला. मामा गेले, दहावंही झालं, म्हणाला. पाटीचं काय झालं, एवढंच मी विचारलं.

“लागली की शेवगावला. छ त्यांनी हातानंच कोरला. जरा हाललाय, पन वाचता येतोय.”